मध खाणारा

प्रमोदिनीबाईंनी फळ्यावर ‘मेद्वेद’ लिहिलं. रशियाला जाऊन डॉक्टर होणारी पोरं राजारामपुरीतल्या त्यांच्या रशियन भाषेच्या क्लासात घाम पुसत बसली होती.

“अस्वल. पुल्लिंगी. मूळ अर्थ मध खाणारा. यातला ‘मेद’ म्हणजे आपला मधूच. खरं नाव घेतलं तर अस्वल येईल, या भीतीनं लोक असं आडून बोलायचे. बोलता बोलता खरं नाव पार गेलं! आणि शब्द सजीव बरं का. त्याला मारलं म्हणायचं तर शेवट बदलतो, मेद्वेद्या. दगडाचा नाही बदलत. आपणही दगड उचलतो, पण अस्वलाला मारतो.”

सगळे हसले. शिवलीला हसली नाही. गडहिंग्लजच्या तिच्या घरी वडील गेल्यापासून थोरल्या भावाचं नाव कुणी घेत नसे. ‘मोठा’ म्हणायचं, तेही हळू. अशानं तो जास्तच माजला होता. त्याला शिवणाचा क्लास सांगून तिची आई, अव्वा, तिला बसनं इथं पाठवायची.

दार लाथेनं उघडलं. ‘मोठ्या’नं अव्वाला पुढं घालून आणलं होतं. तिचा ओठ फुटला होता.

“रशियाला जातीस व्हय गं?”

पहिल्याच ठोशात शिवलीलाचा जबडा मोडला. वेणी धरून त्यानं तिचं डोकं फळ्यावर आपटलं, पुन्हा आपटलं. ती पडली तेव्हा लिहायच्या हातावर बुटाची टाच दाबून उभा राहिला. बाई मधे आल्या, त्यांना बाकावर भिरकावलं. एवढी दांडगी पोरं, भिंतीला चिकटून बघत राहिली! खालचे दुकानदार धावत वर आले, तेव्हा तो त्यांना ढकलून पसार झाला.

दवाखान्यात हवालदारानं विचारलं, “कोण होता?”

बाई आणि पोरं त्याला ओळखत नव्हती. शिवलीलाचा जबडा बांधलेला, हात प्लास्टरमध्ये. राहिली अव्वा.

“कोण पावणा होता, ठावं न्हाय,” अव्वा म्हणाली.

म्हणजे इथून सुटल्यावर शिवलीला पुन्हा त्याच घरी. आता तो जिवंत सोडणार नव्हता. तिनं डाव्या हातानं अव्वाचा पदर गच्च धरला. अव्वानं लेकीचं सुजलेलं तोंड पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

“महांतेश,” ती मोठ्यानं म्हणाली. “लिवा सायब. माझंच पोरगं हाय. माझा ओठबी त्यानंच फोडलाय.”

मग ती लेकीशेजारी बसली. “आता आपुन ऱ्हायाचं कुठं गं?”

शिवलीलाला बोलता येत नव्हतं. सगळं अंग ठणकत होतं, आणि तरी तिला आनंद झाला होता.