पहिल्या दर्जाची तब्येत

मार्ला ह्रुस्काचे उड्डाणाचे तास चौदाशे अठ्ठ्याऐंशी झाले होते. पंधराशे भरल्याशिवाय एअरलाइन दारात उभं करत नाही, आणि बापाची इस्टेट नसलेल्यांना ते भरायचा एकच मार्ग असतो: नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांवरून नवशिक्यांना उडायला शिकवत राहायचं. तीन वर्षं ती उजव्या सीटवर बसून दुसऱ्यांचे धक्के खात होती. जूनमध्ये पन्नास सीटांची विमानं उडवणाऱ्या एका कंपनीत तिची बॅच सुरू होणार होती. राहिले होते ते बारा तास आणि एअरलाइनच्या पायलटला लागणारी पहिल्या दर्जाची वैद्यकीय तपासणी.

तपासणीपाशीच घोडं पेंड खात होतं.

मार्चमध्ये तिच्या एका विद्यार्थ्यानं, साठीच्या खाटकानं, विमान जमिनीला टेकायच्या ऐन वेळी घाबरून सुकाणू आवळून धरलं. मार्ला ओरडली, तरी सोडेना. शेवटी तिनं त्याच्या मनगटावर बुक्की घातली. विमान धावपट्टीवर आपटलं, उसळलं आणि कसंबसं सरळ झालं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी खाटीकदादा डोनटचा खोका घेऊन हजर! मार्लाचं मात्र तेव्हापासून पट्टा बांधला की काळीज धडधडे, हात गार पडत. झोप तर पार उडाली होती.

उडायला शिकवणाऱ्या त्या शाळेचा मालक वेंडेल याला तिनं सांगून पाहिलं. त्यानं आधी दार लावलं.

"कुणाकडे गेली नाहीस ना?"

"नाही. पण म्हटलं, एखाद्या समुपदेशकाला भेटावं."

"डोकं फिरलंय का तुझं? कुठल्या कुठल्या डॉक्टरकडे, समुपदेशकाकडे गेलात, ते तपासणीच्या फॉर्मवर विचारतात. लिहिलंस की फाइल वर सरकारी खात्यात जाते, आणि तू बसतेस वर्षभर जमिनीवर. माझा पुतण्या खरं बोलला. आता ट्रॅक्टर विकतोय."

"आणि गेलेच नाही तर?"

"तर तू ठणठणीत! अगं, आपल्यात सगळेच ठणठणीत असतात."

मार्लाला त्याचा राग आला, आणि त्याचं पटलं म्हणून स्वतःचा जास्त आला. उद्या पाठीमागे पन्नास माणसं बसणार. त्यांच्यासाठी तरी बरं व्हायला हवं होतं, आणि बरं व्हायला निघालं की उडणंच हातचं सुटणार होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

तपासणी करणारे डॉक्टर ओस्टर म्हातारे, गोड माणूस. रविवारी स्वतःचं छोटं विमान उडवायचे. त्यांनी डोळे पाहिले, कान पाहिले, छातीला तारा लावल्या.

"झोप कशी आहे?"

"डॉक्टर, तुम्हाला एक सांगू?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सांग. पण पोरी, आधी ऐक. सांगितलंस तर मला लिहावं लागेल."

ते दरडावले असते तर बरं झालं असतं. मार्लानं भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिलं.

"लहान मुलासारखी झोपते."

"छान." त्यांनी सही केली. "तीस वर्षं हे काम करतोय. झोप न येणारा एकही पायलट मला अजून भेटलेला नाही."

ते हसले नाहीत. मार्लानं कागद हातात घेतला, पण तिचा पाय निघेना.

"तुम्हाला येते का, डॉक्टर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"मलाही दर वर्षी हाच फॉर्म भरावा लागतो गं," ते म्हणाले.