लाल पट्टीचं पिल्लू

सोमवारी सकाळी सासरे परसातून आत आले तेव्हा त्यांच्या ओंजळीत पिल्लू होतं आणि तोंडाचा रंग उडालेला होता.

"मांजरानं धरलं," ते म्हणाले. "पाय गेला बहुतेक."

मी मशीनवरून उठले. मी शिवणकाम करते, पुढच्या खोलीत माझं मशीन आणि कापडं कापायचं टेबल आहे. त्या टेबलावर पिल्लू ठेवलं. आठ दिवसांचं, पिवळं. दोन्ही पाय दोन दिशांना फाकलेले. उभं करावं तर लगेच पोटावर बसायचं आणि चिवचिव करायचं. अंगावर दाताचा एक ओरखडा नाही. मांजर इतकं सभ्य असतं हे मला नवीनच होतं. मग माझं लक्ष सासऱ्यांच्या पायांकडे गेलं. परसात ते जाड तळाचे जुने बूट घालून वावरतात. उजव्या बुटाच्या टाचेला पिवळी लव चिकटली होती.

बूट काढून ते हात धुवायला गेले तेव्हा मी ओल्या फडक्यानं ती टाच पुसून टाकली.

असं का केलं ते सांगते. सासऱ्यांची नजर वर्षभरात फार अधू झाली आहे. आता सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय. समोर माणूस आला की त्यांना आकार दिसतो, चेहरा दिसत नाही. वाचन गेलं, पत्ते गेले, एकट्यानं बाजारात जाणं गेलं. राहिल्या पाच कोंबड्या आणि सहा पिल्लं. सकाळचे दोन तास खुराड्यात असतात तेव्हा ते कोणाला काही विचारत नाहीत, उलट मलाच चार गोष्टी सुनावतात. तेवढ्या दोन तासांवर त्यांचा उरलेला दिवस निघतो.

माझा नवरा लांबच्या कारखान्यात कामाला आहे, रविवारी तेवढा घरी येतो. गेल्या रविवारी सासरे परसात बादलीला अडखळून पडले, आणि त्याचं डोकं फिरलं. "आणखी एक काही झालं ना, तर कोंबड्या बेकरीवाल्याला देऊन टाकीन," तो म्हणाला. नुसता बोलून थांबला नाही. पुढच्या रविवारी चार वाजता बघायला या, असं बेकरीवाल्याला सांगूनही आला. नवरा वाईट नाही, घाबरट आहे. घाबरला की त्याला ओरडण्यापलीकडे काही सुचत नाही.

म्हणजे माझ्या हातात सहा दिवस होते. तेवढ्यात पिल्लू चालायला लागलं, तर काही झालंच नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. एका पिल्लासाठी फोन आल्याचं त्यांना हसू आलं, पण माणूस भला. "हाड शाबूत दिसतंय तुमच्या सांगण्यावरून. सांधा सैल झालाय. पाय अंगाखाली राहतील असे दोन्ही एकमेकांना बांधा, मधे बोटभर अंतर सोडा. ऊब द्या, पाणी द्या. आणि दर दोन दिवसांनी पट्टी बदला."

पट्टी म्हटल्यावर माझी कॉलर ताठ झाली. लोक म्हणे चिकटपट्टी लावतात. मी लाल सुती अस्तराचा तुकडा काढला, टेपनं काडीएवढ्या पायाचं माप घेतलं आणि दोन्ही पायांभोवती पट्टी अशी शिवली की टाका दिसू नये. सासऱ्यांनी पिल्लू धरलं होतं. "झालं?" त्यांनी चार वेळा विचारलं. झाल्यावर मी लांबून बघितलं आणि स्वतःवर खूश झाले. दोन दिवसांनी बदलायचं ते चिकटपट्टीवाल्यांनी. माझं शिवण उसवत नाही.

चिंध्या भरलेला खोका मशीनशेजारी ठेवला आणि मशीनचा दिवा त्यावर वाकवला. ड्रॉपरनं साखरेचं पाणी दिलं. डॉक्टरांनी उकडलेल्या अंड्याचा बलक चारा म्हणून सांगितलं होतं, तो चारताना मला कसंतरीच वाटलं. "कोंबडीला अंडं?" मी म्हटलं. "घरचंच आहे," सासरे म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच ते थोडं हसले.

ते स्टूल घेऊन खोक्याशी बसून राहिले. हात खोक्यात, पिल्लू हातात. खुराड्यात दाणे टाकायला तेवढे उठायचे, आणि तेही आता बूट दाराबाहेर काढून, मोज्यांवर. मी ते खिडकीतून बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. झगा घालून बघायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला काय जपताय, सूप करा." मी त्यांच्या कमरेचं माप मोठ्यानं वाचलं. सासरे खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून हसले.

बुधवारी पिल्लू उभं राहिलं. डुगडुगत, पण स्वतःच्या पायांवर. मी सासऱ्यांचा हात धरून त्याच्या डोक्यावर नेला, तर एरवी जमिनीपाशी असणारं डोकं दोन बोटं वर लागलं. त्यांनी हात बराच वेळ तिथेच ठेवला. "उभं आहे गं," ते म्हणाले. माझ्याही जिवात जीव आला.

गुरुवारी दुपारी त्यानं बलक तोंडात घेतला नाही. पाणी चोचीतून बाहेर आलं. डोळे मिटून एका कुशीवर पडलं. मी चष्मा लावला, दिवा खाली ओढला, डोळ्यांत तेल घालून बघितलं. पट्टी जागच्या जागी होती. एक टाका हलला नव्हता. माझं सगळं बरोबर होतं आणि पिल्लू मरत होतं.

"दे इकडे," सासरे म्हणाले.

त्यांनी पिल्लू तळव्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी चाचपायला लागले. पोट, पंख, मान. पायांपाशी बोटं थांबली. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली.

"सूनबाई, हा पाय गार आहे. हा ऊन आहे."

"दिसायला तर दोन्ही सारखेच आहेत बाबा."

"दिसत असतील. पट्टी काप."

"अहो, माप घेऊन शिवलीय मी."

"सोमवारी घेतलंस माप. आज गुरुवार आहे. पोर वाढतंय ते."

वीस वर्षं शिवतेय. लहान मुलांच्या कपड्यांत आत कापड सोडायला मी कधी विसरले नाही. वाढत्या अंगाचं आहे, असं गिऱ्हाइकाला मीच सांगते. आणि इथे बोटभर जीव, दिवसागणिक वाढणारा, त्याला मी मोठ्या माणसाचं माप लावलं. डॉक्टरांनी सांगितलेलं ऐकलं नाही, कारण माझं शिवण उसवत नाही.

टाके उसवायचं हत्यार घेतलं, पण त्याचं टोक टाक्याखाली शिरेना. सासऱ्यांनी पिल्लू घट्ट धरलं आणि म्हणाले, "सावकाश. मी आहे." पट्टी सुटली. कातडीत ती जिथे रुतली होती तिथे एक चर पडला होता, खालचं पाऊल आता जांभळट दिसायला लागलं. सासऱ्यांनी ते पाऊल दोन बोटांत धरलं आणि चोळत राहिले, अगदी हळू.

मला रडू फुटलं. "मीच मारलं असतं त्याला."

ते चोळायचे थांबले नाहीत. "तुझा नंबर दुसरा," ते म्हणाले. मग मान खाली घालून, "मांजर नव्हतं गं. माझा पाय पडला."

"माहीत आहे बाबा."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. बूट मी पुसला."

पिल्लाचं पाऊल चोळता चोळता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं. मी माझ्या पदरानं पुसलं. तासाभरानं पाऊल ऊन झालं. संध्याकाळी त्यानं बलक खाल्ला. नवी पट्टी मी लालच, पण मऊ लवचीक कापडाची केली, सैल, नुसती गाठ मारून. रोज सकाळी ती सोडून मी पिल्लू सासऱ्यांच्या हातात द्यायचे, आणि किती ढील ठेवायची ते त्यांची बोटं ठरवायची.

रविवारी नवरा आला तेव्हा पिल्लू टेबलाखालून लंगडत फिरत होतं, पायांत लाल पट्टी.

"हे काय झालं याला?" त्यानं विचारलं.

"मांजर," मी पटकन म्हटलं.

"मांजर नाही," सासरे स्टुलावरून म्हणाले. "माझा पाय पडला त्याच्यावर."

नवऱ्याचा चेहरा मला दिसत होता, सासऱ्यांना दिसत नव्हता, हे त्या वेळी बरंच झालं. मी गुरुवारची सगळी हकीकत सांगितली, माझ्या मूर्खपणासकट. "मला चष्मा लावून कळलं नाही ते यांना बोटांनी कळलं," मी म्हटलं. नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि परसात निघून गेला. थोड्या वेळानं सासरेही भिंतीला धरून त्याच्यामागे गेले. कोंबड्यांचा निरोप घ्यायला चाललेत, असं मला वाटलं. मी मशीनवर बसले आणि एका बाहीचं तीन वेळा वाटोळं केलं.

चारला बेकरीवाला आला. हातात झाकणाची भली मोठी टोपली. "साहेबांनी बोलावलं होतं," तो म्हणाला. त्याला दारात थांबवून मी नवऱ्याला हाक मारायला मागे गेले.

खुराड्याच्या दाराबाहेर सासऱ्यांचे जुने बूट होते. त्यांच्याशेजारी नवऱ्याचे कारखान्यातले बूट, नाड्या सोडलेले. आत दोघं मोज्यांवर उभे होते. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले होते आणि एका हातानं बापाचं कोपर धरलं होतं.

"पाय उचलू नकोस," सासरे त्याला सांगत होते. "सरकवत ये. खाली कोण आहे ते पायाला आधी कळू दे."

मी हाक मारली नाही. पुढे आले आणि बेकरीवाल्याला म्हटलं, "अंडी हवी असतील तर देते. टोपली एवढी मोठी लागणार नाही."