एकाच डब्यातलं तेल

मी एक जुना गिअरबॉक्स आहे. कोळवणच्या एका पांढऱ्या पिकअप ट्रकच्या पोटाखाली, चिखलाच्या जवळ माझी जागा आहे. मित्रांनो, गाडीत बसताना तुम्हाला दिवे दिसतात, हॉर्न ऐकू येतो. माझं नाव निघतं ते काही बिघडल्यावरच. याचं मला वाईट वाटत नाही. खरं सांगायचं तर मध्यंतरी मला काही वाटेनासंच झालं होतं. ते असं का झालं, तेवढं ऐका.

मी ऑटोमॅटिक आहे. ड्रायव्हरला क्लच दाबावा लागत नाही; गाडीचा वेग आणि पायाचा दाब ओळखून मीच गिअर बदलतो. उतारावर ड्रायव्हरने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मी खालचा गिअर टाकतो. मग इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं आणि सगळा भार ब्रेकवर येत नाही. हे सारं चालतं माझ्या आतल्या पातळ, तांबड्या तेलावर. मला जे काही कळतं ते त्या तेलातूनच कळतं.

मला कारखान्यात ज्यांनी जोडलं त्यांचे हातमोजे आठवतात, चेहरे आठवत नाहीत. पहिले मालक इंद्रजित. नोकरी हिंजवडीत आणि फार्महाउस कोळवणला. पाहुणे आले की ते त्यांना गाडीत बसवून म्हणायचे, "बघा, गिअर पडलेला कळतो तरी का?" तेव्हा मला फार बरं वाटे. पुढे त्यांनी फार्महाउस विकलं आणि गाडी त्याची देखरेख करणाऱ्या भिवाजीआबांच्या घरी आली.

आबांची भातशेती, एक ट्रॅक्टर, विहिरीवर मोटर. मुलगा निरंजन कंपनीची कॅब चालवतो. मला चालवायची ती त्यांची सून शुभांगी. घरचा तांदूळ आणि भाजी घेऊन ती हिंजवडीच्या सोसायट्यांमध्ये जायची. शेजारच्या सीटवर तिची लहानगी जुईली, मांडीवर पोह्यांचा डबा घेऊन. शुभांगी निघण्याआधी जुईलीचा पट्टा ओढून बघायची, दार ढकलून बघायची आणि फाटकाबाहेर पडल्यावर पुन्हा पट्टा ओढून बघायची.

आबांच्या घरची एक रीत होती. दसऱ्याला घरातल्या प्रत्येक यंत्राला हार आणि नवं तेल. त्या दसऱ्याला त्यांनी ट्रॅक्टरचं तेल बदललं आणि तोच डबा घेऊन ते माझ्याकडे आले. शुभांगी आत जुईलीला न्हाऊ घालत होती. आबांच्या पत्नी धोंडाबाई हार ओवता ओवता म्हणाल्या, "अवो, हिला येगळं लागत असंल."

"का? ही काय जावई लागून गेली?" आबा म्हणाले. "ट्रॅक्टर घरचा, तशी ही बी घरचीच. पंगतीत भेद न्हाई करायचा. एकाच डब्यातलं समद्यास्नी."

त्यांनी खालचा बोल्ट काढून निघेल तेवढं माझं तांबडं तेल काढलं आणि ट्रॅक्टरचं दाट तेल ओतलं. फार मायेने ओतलं. शेवटी माझ्यावर हळदकुंकूही पडलं.

थंडी सुरू झाली आणि मी बधिर होत गेलो. शुभांगीचा पाय उचलला गेला हे मला कळायचं, पण लांबून, उशी तोंडावर धरून कुणी बोलावं तसं. खालचा गिअर टाकायचा हे ठाऊक असायचं. दाट तेल सरकेपर्यंत गाडी पुढे धावत राहायची आणि मग धक्का बसायचा.

शुभांगीला ते लगेच जाणवलं. "अहो, उतारावर पाय काढला तरी ती पळतच राहते," ती निरंजनला म्हणाली.

"जुईली झोपली की तू तिच्या नाकापाशी हात धरून बसतेस. आता गाडीच्यापण धर."

ती मला पिरंगुटला नरहरी मेकॅनिककडे घेऊन गेली. त्याने कॉम्प्युटर लावला. त्यात काही आलं नाही. "वहिनी, ऑटोमॅटिक असंच असतंय," तो म्हणाला. "इचार करून गिअर टाकतंय. शिकल्यालं हाय ना!" सगळे हसले. शुभांगी हसली नाही. पण कॉम्प्युटरनेच काही नाही म्हटल्यावर ती मला घेऊन घरी परतली.

मग एका सकाळी कोळवणच्या उतारावर समोर एसटी थांबली. गावातल्या रंभाबाई टोपली घेऊन उतरत होत्या. शुभांगीने पाय उचलला. मी गिअर टाकला नाही. तिने ब्रेक दाबला, दाबतच राहिली. जळका वास आला, ब्रेक सैल पडले. तिने गाडी कडेच्या भातखाचरात घातली आणि चाक बांधाला टेकून थांबलं.

"अगं ए शुभांगे, मारतीस का काय!" रंभाबाई ओरडल्या.

पोहे काचेवर उडाले होते. जुईली रडत नव्हती, नुसती बघत होती. शुभांगी तिचा पट्टा सोडवू पाहत होती आणि तो तिला सुटत नव्हता.

मित्रांनो, मला काही वाटलं नाही. सांगायला सगळ्यात कठीण गोष्ट तीच आहे.

त्या दिवसापासून शुभांगीने जुईलीला गाडीत बसवलं नाही, आणि स्वतःही बसली नाही. तांदूळ शेजाऱ्यांच्या टेम्पोतून जाऊ लागला. "घाबरली पोर," लोक म्हणाले. मी गोठ्याशेजारी उभा राहिलो. कोंबड्या माझ्याखाली सावलीला बसत. दिवस चांगले होते की वाईट, मला सांगता येणार नाही.

गुढीपाडव्याला आबा हार आणि तोच डबा घेऊन आले. "उभी हाय म्हणून सणाला उपाशी ठिवायची व्हय?" ते स्वतःशीच म्हणाले. शुभांगी जुईलीला कडेवर घेऊन अंगणात आली आणि थबकली. तिने पुढे होऊन डब्याच्या नळीच्या तोंडाचं तेल दोन बोटांत घेतलं. बोटं दूर केली तर तार आली, काकवीसारखी.

"आबा, हे दसऱ्यालापण घातलं होतं?"

"घातलं की. ट्रॅक्टरचंच हाय, चांगलं."

शुभांगीने बोटं पुसून घेतली. मग हळूच म्हणाली, "आबा, त्या दिवशी जुईली होती हो माझ्याशेजारी."

आबांनी डबा खाली ठेवला. झाकण मात्र त्यांच्या हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मला टेम्पोवर चढवून पिरंगुटला नेलं. "काकवी पाजली व्हय आबा?" नरहरी म्हणाला. नरहरीने दाट तेल उतरवलं, तेल गाळायची जाळी बदलली, पातळ तांबडं तेल भरून गाडी थोडी फिरवली, तेही काढून टाकलं आणि पुन्हा नवं भरलं. ब्रेकही नवे घातले. मग कॉम्प्युटर लावून मला गिअर टाकायच्या वेळा नव्याने शिकवल्या. आतल्या काही चकत्या झिजल्या होत्या. त्या तशाच राहतील, असं त्याने स्पष्ट सांगितलं.

परतल्यावर शुभांगी एकटीच गाडीत चढली. तिला त्याच उतारावर मला बघायचं होतं. आबांनी दुसरं दार उघडलं आणि जुईलीच्या जागेवर बसले.

"आबा, तुम्ही नका."

"हितं पोर बसती ना? मग आदी मला बसू दे."

उतार लागला. शुभांगीने पाय उचलला. मी खालचा गिअर टाकला. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी आवरली.

"धरलं," आबा म्हणाले. "आता पोरीला आणायची?"

"आणखी एकदा, आबा."

आम्ही पुन्हा वर गेलो, पुन्हा उतरलो. ऊन कलेपर्यंत तेच चाललं होतं. आबा एकदाही "पुरे" म्हणाले नाहीत.

यंदाच्या दसऱ्याला आबांनी दोन डबे मांडले. माझ्या डब्याला शुभांगीने लाल दोरा बांधला होता. "मग? पंगतीत भेद केलाच की!" धोंडाबाई म्हणाल्या.

"भेद न्हाई, पथ्य हाय तिचं," आबा म्हणाले.

मित्रांनो, माया करा, पण ज्याच्यावर करायची त्याला काय सोसतं ते आधी विचारून घ्या. आणि घरातलं कुणी म्हणालं की काहीतरी चुकतंय, तर त्याला भित्रं म्हणण्याआधी एकदा खाली वाकून बघा.

थंडीच्या सकाळी मला अजून जरा उशिरा कळतं. शुभांगीला ते ठाऊक आहे. ती इंजिन सुरू करते आणि थांबते.

"आई, निघायचं?" जुईली विचारते.

"थांब. त्याला जाग येऊ दे."

मग ती पट्टा ओढून बघते, दार ढकलून बघते, आणि आम्ही निघतो. उतार येतो. ती पाय उचलते, आणि मी गिअर टाकतो.