ऐंशीच्या पुढचं

शालनने लॅपटॉपच्या चार्जिंगला ऐंशी टक्क्यांची मर्यादा घातली, त्या दिवसापासून मुकुंदराव दाबक्यांच्या घरातली प्रत्येक गोष्ट ऐंशी टक्क्यांवर थांबू लागली.

दूध पातेल्याच्या काठाखाली बरंच अलीकडे येऊन थांबायचं आणि तिथेच मुकाट उकळत राहायचं. कुकरची शिट्टी वर चढता चढता मध्येच बंद पडायची. कपात कितीही ओतलं तरी तो काठापर्यंत भरत नसे. ओतलेला चहा जातो कुठे हे पाहायला मुकुंदरावांनी खाली बशी धरली, तर बशी कोरडी. पलंग आखूड झाला आणि त्यांची पावलं बाहेर लोंबू लागली. बाल्कनी तर दोरीवरच्या कपड्यांसकट गेली. जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या नाहीशा झाल्या, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर पोचायला कठडा धरून एक मोठी ढांग टाकावी लागे. पाण्याच्या टाकीवरून वर्षभर हमरीतुमरीवर येणारी त्यांची सोसायटी, पण पायऱ्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. जो तो आपापली ढांग टाकत होता.

मुकुंदरावांनी सांगलीतल्या एका वाचनालयात उभा जन्म काढला होता. घरातल्या कादंबऱ्या त्यांनी एकेक करून कपाटातून काढल्या आणि चाळल्या. प्रत्येकीची शेवटची पानं कोरी होती. हे त्यांना थोडं लागलं, पण फार नाही. शेवट त्यांना बहुतेक पाठ होते.

लॅपटॉप घरात आला तो त्यांच्या बायकोच्या, शालनच्या, आवाजामुळे. तिने शाळेत मराठी शिकवलं होतं आणि तिचा आवाज असा होता, की मागच्या बाकावरची मुलंही गप्प बसत. अंध विद्यार्थ्यांच्या एका संस्थेने तिला पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला सांगितलं. त्याआधी ती मुकुंदरावांना वाचून दाखवायची. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, दुसरा भरवशाचा नव्हता, त्यामुळे दुपारचा चहा झाला की ती एक प्रकरण वाचायची आणि ते भिंतीला टेकून ऐकायचे. आता ती प्रकरणाचे पाचातले चार भाग त्यांच्यासमोर वाची, मग उठून आतल्या खोलीत जाई. पंख्याचा आवाज मध्ये येतो म्हणून दार लावून घेई आणि उरलेलं लॅपटॉपला वाचून दाखवी. दाराबाहेर मुकुंदरावांना शब्द कळत नसत. आवाज कुठे खाली येतो आणि कुठे थांबतो, एवढंच कळे.

त्यांच्या पोटात दुखू लागलं. एका यंत्राचा हेवा वाटतो हे सांगायचं तरी कोणाला? आणि हा हेवाच आहे की नुसतं पित्त, याचीही त्यांना खात्री नव्हती. दोन दिवस त्यांनी आवळासुपारी खाऊन पाहिली.

लॅपटॉपचे नियम घालून दिले होते खालच्या मजल्यावरच्या ताम्हनकरांनी. ते वीज मंडळातून निवृत्त झाले होते. ऐंशीच्या वर न्यायचं नाही, विसाच्या खाली उतरू द्यायचं नाही, गादीवर ठेवायचं नाही, उन्हात तर नाहीच. वापरात नसेल तेव्हा पन्नासावर आणून थंड जागी ठेवून द्यायचं. बायको गेल्यापासून ताम्हनकर स्वतःही पन्नासावरच होते. त्यांच्या अंगावरचा सदरा नीट दिसे, पण सदऱ्यातून पलीकडचं दारही दिसे. आवाज बारीक, बाजूच्या घरात रेडिओ लावल्यासारखा. आले की ते खुर्चीवर न बसता स्वयंपाकघरात कडाप्प्याच्या ओट्याला पाठ लावून उभे राहायचे, कारण घरात तेवढीच जागा गार होती.

"तुम्हाला बरं वाटतं का हो पन्नासावर?" मुकुंदरावांनी एकदा त्यांना विचारलं.

"बरं वाटायला साठ तरी लागतं," ताम्हनकर म्हणाले. "पण टिकतं माणूस."

शालनने सगळे नियम मनावर घेतले. वाचून झालं की ती लॅपटॉप हलकेच उचलायची आणि त्याच्या पोटाला उलटा हात लावून बघायची. तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तसा. गरम लागला तर त्याला खिडकीपासून दूर, लाकडी पाटावर ठेवायची. मुकुंदरावांच्या डोळ्यांसमोरून तो उलटा हात जाईना. त्यांनी जेवताना सांगितलं, की अंगात कणकण वाटते. शालनने लांबूनच त्यांच्याकडे पाहिलं आणि पंखा कमी केला. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम खिडकीतल्या उन्हात जाऊन बसले. डोकं तापलं, कानशिलं ठणकू लागली. शालन आली, त्यांना वळसा घालून शेजारच्या स्टुलावरचा लॅपटॉप तिने उचलला आणि सावलीत नेला.

"ऊन फार आहे," ती जाताजाता म्हणाली.

हे सगळं त्यांनी गिळलं असतं. आयुष्यभर बरंच गिळलं होतं. पण त्या आठवड्यात ज्या कादंबरीचं वाचन चालू होतं, तिच्यात एका मुलीला बघायला पाहुणे येतात असं प्रकरण आलं. शालनने पुस्तक मिटलं, आतल्या खोलीकडे निघाली, आणि दाराच्या चौकटीला हात लावून वळली.

"खरं सांगू का? मी तुम्हाला होकार दिला ना, तो केवळ..."

आणि थांबली. काही आठवत नाही म्हणून नव्हे, की कोणी हाक मारली म्हणून नव्हे. वाक्य तिथेच संपलं होतं. सगळं सांगून झाल्यावर माणूस हसतं तशी ती हसली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मुकुंदराव भिंतीला टेकलेलेच राहिले. लग्न झाल्यापासून हा एकच प्रश्न त्यांच्या मनात होता. शालनला तेव्हा बेळगावच्या एका इंजिनियरचं स्थळ सांगून आलं होतं, उंच, गाडीवाला. मुकुंदराव वाचनालयात साहाय्यक. त्यांच्या बघण्याच्या कार्यक्रमात टीपॉयवरचा भरतकामाचा रुमाल ऐनवेळी पाणी सांडून भिजला आणि तिथे घाईने वर्तमानपत्र पसरलं गेलं. त्यावर पोह्यांची बशी आली. मुकुंदरावांना मान वर करून समोर बघायचा धीर होईना, तेव्हा त्यांनी ते वर्तमानपत्रच वाचायला घेतलं. कृष्णेच्या पुरात एक रिकामी होडी घाटाला लागली, होडीवाला दुसऱ्या दिवशी चालत आला आणि त्याने लोकांना सांगितलं की... पुढचं बशीखाली होतं. बशी उचलणं बरं दिसलं नसतं. समोर बसलेल्या मुलीला त्यांनी त्या दिवशी पाहिलंच नाही. तरीही आठवड्याने तिच्याकडून होकार आला. का आला, हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नाही असं नाही. विचारलं आणि तिलाही तोच प्रश्न पडला तर, ही भीती होती.

संध्याकाळी त्यांनी धीर करून तिला म्हटलं, की दुपारचं पुन्हा एकदा सांग.

"पूर्ण सांगितलं मी," शालन भाजी निवडत म्हणाली. "तुमचंच लक्ष नव्हतं. कधी असतं?"

ती बाहेर गेली की मुकुंदराव आता आतल्या खोलीत जाऊ लागले. एकदा त्यांनी लॅपटॉपच्या झाकणाला कान लावला. आतून चहाचा वास आला. मग कुकरच्या शिट्टीचं ते नसलेलं टोक ऐकू आलं, अगदी लांबून. मग शालनचा आवाज. "...उद्या देतो म्हणाला." "...मीठ कमी आहे." "...मग माझी मीच जाईन." सगळी शेपटं, एकालाही डोकं नाही. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. ऐंशी ते शंभर एवढी जागा या यंत्रात रिकामी राहिली होती, आणि घरातलं सगळं उरलेलं तिथे जाऊन राहत होतं. त्यांचा चहा तिथे होता. त्यांच्या पलंगाचा पायथा तिथे होता. आणि शालनने उघडपणे, हसून, त्यांच्या तोंडावर सांगितलेलं उत्तर त्यांना न मिळता याला मिळालं होतं.

त्यांनी ताम्हनकरांना गाठून विचारलं, की शंभरावर नेली तर बॅटरीचं काय होतं.

"आत जागा उरत नाही," ताम्हनकर म्हणाले. "तापते, फुगते. झाकण आपोआप वर येतं. मग नंतर काही धरून ठेवत नाही ती."

ताम्हनकरांच्या छातीतून मागचं दार दिसत होतं आणि दाराला लावलेलं कुलूपही.

त्याच सुमारास पुण्याहून संस्थेचा फोन आला. पुढची पुस्तकं तिथल्या स्टुडिओत वाचायची, राहायची सोय आहे, पावसाळाभर या. स्टुडिओत त्यांची यंत्रं होती, तेव्हा लॅपटॉप घरीच राहणार. शालनने कपाटाचा सगळ्यात खालचा, गार कप्पा त्याच्यासाठी रिकामा केला. मग कोपऱ्यातल्या पलंगाखालचे डबे बाहेर ओढले, फरशी पुसली आणि तिथे चटई अंथरली.

"ही कोणाला?" मुकुंदरावांनी विचारलं.

"तुम्हाला. जाताना पन्नासावर आणून ठेवते. भूक लागत नाही, कंटाळा येत नाही. ताम्हनकर भावजींना बघताय ना, कसे टिकलेत." चटईची सुरकुती सारखी करत ती म्हणाली, "तुमच्या काळजीपोटीच चाललंय हे."

मुकुंदरावांनी चटईकडे पाहिलं. ती त्यांच्या उंचीच्या पाचातल्या चार भागांएवढी होती. पन्नासावर माणूस प्रश्न विचारू शकतं, पण त्याला उत्तर हवंसं वाटत नाही, हे त्यांनी ताम्हनकरांत पाहिलं होतं. ती पुण्याला जायच्या आत वाक्य ऐकायला हवं होतं.

जायच्या आदल्या दुपारी ती ब्लाउज आणायला शिंप्याकडे गेली. लॅपटॉप तिसावर आला होता. त्याला पाटावर ठेवून, वायर लावून तिने मुकुंदरावांना बजावलं, की पन्नास झाले की बटण बंद करायचं. तिची ढांग जिन्यावर वाजली. मग मुकुंदराव लॅपटॉपसमोर मांडी घालून बसले. पन्नास झाले, ते बसून राहिले. साठ, सत्तर. शालनने मर्यादेची खूण कुठे केली होती ते त्यांनी पाहून ठेवलं होतं. त्यांनी ती काढली.

एक्याऐंशीला शेजारी ठेवलेला रिकामा कप काठोकाठ भरला. चहा वाफाळता होता. चौऱ्याऐंशीला बाल्कनी परत आली, दोरीवर त्यांचा हरवलेला पंचा होता, अजून ओला. अठ्ठ्याऐंशीला पलंगाने पाय पसरले. एक्क्याण्णवला कपाटातून खसखस झाली आणि त्यांना न उघडताच कळलं, की कादंबऱ्यांना शेवट फुटले आहेत. हे सगळं किती दिवसांनी परत येत होतं, पण त्यांनी कपालाही हात लावला नाही. त्यांना फक्त एक वाक्य हवं होतं.

पंच्याण्णवला लॅपटॉप तापला. सत्त्याण्णवला पोट फुगून तो पाटावर डुगडुगू लागला, झाकण करंगळीएवढं उघडलं आणि वाक्यांची शेपटं बाहेर येऊ लागली, ज्या क्रमाने आत गेली त्या क्रमाने. भाजीवाल्याचं, मिठाचं, मोलकरणीचं. मुकुंदरावांनी फटीला कान लावला. कान भाजत होता. अठ्ठ्याण्णवला जिन्यात पायऱ्या खटखट जागेवर बसल्या, आणि लगेच त्यांवर पावलं वाजली, ओळखीची. ढांग न टाकता, एकेक पायरी चढत शालन वर आली.

ती दारात उभी राहिली. तिने आधी आकडा पाहिला, नव्व्याण्णव. मग फुगलेला लॅपटॉप पाहिला. ती रागावली नाही. पिशवी खाली ठेवून ती त्यांच्या मागे येऊन बसली, आणि तिने त्यांच्या मानेला उलटा हात लावला.

"किती तापलात हो," ती म्हणाली.

हात गार होता. मुकुंदरावांनी डोळे मिटले. याच हातासाठी ते उन्हात बसले होते.

"बटण बंद करू नकोस," ते म्हणाले. "मला ऐकायचंय."

"यातून कशाला? मी आहे ना इथे. बघा माझ्याकडे, पहिल्यापासून सांगते." तिने दुसऱ्या हाताने त्यांचा खांदा आपल्याकडे वळवला. "मी तुम्हाला होकार दिला ना, तो केवळ..."

ते वळू लागले. त्याच वेळी आकडा शंभर झाला आणि लॅपटॉपचं झाकण पूर्ण वर आलं. आत कीबोर्ड नव्हता, पडदा नव्हता. घडी घातलेलं पिवळं वर्तमानपत्र होतं, त्यावर बशीचा गोल तेलकट डाग, आणि डागाच्या आत, चष्म्याशिवायही स्वच्छ दिसेल अशा ठसठशीत अक्षरांत, होडीवाल्याने लोकांना काय सांगितलं ते.

मागे शालन बोलत होती. मुकुंदराव मान खाली घालून वाचू लागले.