दोराचं दुसरं टोक

"वर नेताना डाव्या हाताचा आधार द्या हो. उतरवताना मात्र फक्त उजवा. सावकाश," बायको म्हणाली.

त्याने उजवा हात टेबलाच्या कडेला टेकवला होता. मुठीत रंगाच्या डब्याची कडी होती. मनगट निम्म्यावर आलं आणि बोटं आपोआप उघडली. डबा फरशीवर आदळला.

"दुखलं?"

"नाही ना! कोपर दुखायचंच थांबलंय. आजपासून कामावर."

"व्यायाम शिकवणाऱ्या बाई काय म्हणाल्या? दुखणं गेलं म्हणजे ताकद आली असं नाही."

"तोवर मुकादम दुसरा माणूस घेईल. आणि तुझा देव आहेच की राखायला."

"तो राखतो हो. पण दोर तुमच्या हातात असतो."

त्याने डबा उचलून ठेवला. उंच इमारती रंगवताना धाकटा भाऊ दोरीच्या झोपाळ्यावर बसे आणि खालून दोर हा सांभाळे. इतकी वर्षं झाली, पण धाकट्याने कधी वाकून खाली पाहिलं नव्हतं.

"काय दादा, झालास का पैलवान?" कामावर पोचताच धाकट्याने विचारलं.

"बस तू. बडबड नको."

झोपाळा तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. कोपरात कळ आली नाही, काहीच झालं नाही. मूठच तेवढी सैल पडली, दुसऱ्या कुणाची असावी तशी. दोर सर्रकन धावला. त्याने अंग झोकून तो खांबाशी दाबून धरला. वर झोपाळा भिंतीवर आपटला. बादली खाली येऊन फुटली आणि पांढरा रंग त्याच्या पायांशी पसरला.

मुकादम धावत आला. "काय झालं रे?"

 वरून धाकटा म्हणाला, "माझाच पाय घसरला. दादा, उतरव. सावकाश."

खाली आल्यावर त्याने दादाकडे पाहिलं नाही. मुकादमाला म्हणाला, "मला गरगरतंय. आज दादा वर बसेल. दोर मी धरतो."

"अरे, मी?" दादा गच्चीच्या कठड्याशीसुद्धा उभा राहत नसे. हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बस, दादा."

धाकट्याने कमरेचा पट्टा स्वतः आवळला. 

पाय जमिनीवरून सुटले. समोरून भिंत सरकू लागली. तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. वर जाताजाता तो खाली, धाकट्याच्या मुठींकडे बघत राहिला.