पाठक साहेबांचं शेवटचं गाव

“मॅडम, खरं खरं सांगा, आमच्या गावाची कोणी तक्रार केली का?”

लिपिक अंबिकाबाईंनी मान वर केली. टेबलासमोर बोरटाकळीचे ग्रामसेवक सिद्धोधन कापडी पिशवी छातीशी धरून उभे होते. मार्च महिना म्हणजे लेखापरीक्षण कार्यालयाची लगीनघाई. त्यात हा माणूस उन्हातून थेट परभणीला येऊन असलं काही विचारत होता.

“तक्रार? कशावरून म्हणता?”

“न्हाई, पाठक साहेब दुसऱ्यांदा येऊन गेले ना. दिवाळीच्या अगोदर आले होते, सगळं दप्तर बघून गेले. परवा परत आले. तीच रोकडवही, त्याच पावत्या मागायलेत. म्या म्हणलं, लय मोठं काईतरी निघालं जणू. दोन दिवस झाले, भाकर गोड लागंना.”

“मग तुम्ही साहेबांना विचारलं नाही?”

“ऑडिटवाल्याला कोण विचारतंय मॅडम? त्यांनी मागायचं अन् आमी द्यायचं.”

अंबिकाबाईंनी नोकरीतलं पहिलं धडधडीत खोटं सांगितलं. “तसं काही नाही. कधीकधी फेरतपासणी असते. जा निवांत घरी.”

सिद्धोधन इतक्या मोकळ्या मनाने हसले, की बाईंना त्यांच्याकडे बघवेना. ते गेल्यावर त्यांनी मागे वळून भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं.

हा फळा म्हणजे अंबिकाबाईंचं राज्य. वर्षाच्या सुरुवातीला कोणत्या लेखापरीक्षकाने कोणकोणती गावं करायची ते ठरे, आणि फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या गावांच्या चौकटी आखल्या जात. गाव झालं, की त्या चौकटीत खूण. त्यासाठी रंगीत पिना मागवल्या होत्या, पण त्या मंजूर होईपर्यंत दोन साहेब बदलून गेले. शेवटी बाईंनी आपल्याजवळचं हिरव्या टिकल्यांचं पाकीट काढलं. तेव्हापासून पालमपासून पूर्णेपर्यंत जिथे जिथे सरकारी हिशेब तपासून होत, तिथे तिथे बाईंची टिकली लागे. वसुली लावण्यावरून गावागावांत कडक समजला जाणारा लेखापरीक्षक बजरंग देवकतेसुद्धा दौऱ्याहून आला, की हात जोडून म्हणे, “वैनी, आमाला सौभाग्यवती करा.”

पाठक साहेब, म्हणजे विष्णुपंत, हे अंबिकाबाईंचे यजमान. नवरा गावं करतो आणि बायको ती मोजते, हा कार्यालयातला कायमचा विनोद. विष्णुपंत मुळात संथ. इतरांची ओळ जानेवारीत हिरवी होई, यांची मार्च उजाडला तरी अर्धवट. दर महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर “पाठक साहेब, शिल्लक” असं वाचताना बाईंना नको व्हायचं. म्हणून परवा दौऱ्यावरून येऊन त्यांनी “झालं बाई शेवटचं” म्हटल्याबरोबर बाईंनी उरलेल्या एकुलत्या चौकटीत टिकली चिकटवली. कोणतं गाव, हे विचारलंसुद्धा नाही. आपल्या माणसाच्या ओळीत टिकली लावायला हात जरा लवकरच जातो.

त्या चौकटीत नाव होतं लोणखेड. लोणखेडला विष्णुपंत गेलेच नव्हते.

इतके दिवस लहानसहान वाटलेलं सगळं आता एका ओळीत उभं राहिलं. पूजेला बसल्यावर दुसऱ्यांदा लावलेलं गंध. भाचीला, भक्तीला, फोनवर दोनदा दिलेले वाढदिवसाचे आशीर्वाद. “वय झालं” म्हणून त्या हसल्या होत्या, तेही हसले होते. उद्या वर्षअखेरची बैठक. त्यात जो आकडा वाचला जाईल तो वर विभागीय कार्यालयात जाणार. टिकली राहू दिली तर न झालेलं गाव झालं म्हणून जाणार. काढली, तर का काढली ते सांगावं लागणार. आणि ते सांगितलं, की ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या त्याची चूक गावभर होणार.

संध्याकाळी घरी त्यांनी वरण फोडणीला टाकलं. कसं सांगावं ते सुचत नव्हतं. विष्णुपंत स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसले. इतर दिवशी ते बातम्या ऐकत.

“अंबिके, बोरटाकळीला मी दोनदा गेलो, होय ना?”

बाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“चहानं. मी काही बोलायच्या आत ग्रामसेवकानं बिनसाखरेचा चहा पुढं ठेवला. म्हणलं, याला कसं माहीत? दोन दिवस तेच डोक्यात घोळायलंय. आज कपाटातून आधीचा अहवाल काढला. दोन्हींत तेच आक्षेप. क्रमसुद्धा तोच.” ते थोडं हसले. “काम चुकलं नाही गं. ते केलं होतं, एवढंच माझ्याकडं राहिलं नाही.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच बाईंना जास्त रडू आलं. गॅस बंद करून त्या त्यांच्याजवळ खालीच बसल्या.

“मी सांगते ऐका. टिकली राहू द्या. पुढच्या आठवड्यात गुपचूप लोणखेडला जाऊन या, अहवाल जोडून टाकू. कोणाला कळतंय?”

“मला कळलंय ना. मला कळेनासं झालं, की मग तुला काय करायचं ते कर.”

त्या दिवशी वरणाला मीठ कमी पडलं आणि दोघांनीही ते तसंच खाल्लं.

बैठक अकराला सुरू झाली. श्रद्धा मॅडम नव्याने रुजू झालेल्या अधिकारी, वयाने पाठकांच्या मुलीएवढ्या. फळा हिरवागार बघून त्या खुलल्या. “छान! पाठक साहेब, या वर्षी तुम्हीसुद्धा?”

अंबिकाबाईंनी वाचायला कागद हातात घेतला. तेवढ्यात खुर्ची सरकली. विष्णुपंत उठून फळ्याजवळ गेले आणि लोणखेडच्या चौकटीतली टिकली त्यांनी नखाने अलगद काढली.

“मॅडम, हे गाव झालेलं नाही. मी चुकून बोरटाकळी दुसऱ्यांदा करून आलो. मला विसरायला व्हायलंय. डॉक्टरांकडं जाणार आहे. पण आकडा आजच दुरुस्त व्हावा.”

ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्या संथपणाची टिंगल केली त्यांच्या माना खाली गेल्या. बजरंग तर डोळे पुसायला सरळ खिडकीकडे वळला. तसाच पाठमोरा म्हणाला, “मॅडम, लोणखेड माझ्या नावावर टाका. चार दिवसांत उरकून देतो.”

“नको बजरंगराव,” विष्णुपंत म्हणाले. “दौऱ्याची कामं आता तुम्हीच करा, मी मागणार नाही. पण हे एवढं माझ्या वाटणीचं आहे. ते मला करू द्या. सोबत कोणीतरी द्या म्हणजे झालं.”

श्रद्धा मॅडमनी पाठकांकडे पाहिलं, मग अंबिकाबाईंकडे. “अंबिका मॅडम, सहायक म्हणून तुम्ही जाल?” लिपिकाला असं पाठवता येतं का, हे त्या दिवशी कोणीही विचारलं नाही. एरवी हेच लोक रजेच्या अर्जावरही आक्षेप काढतात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने दोघं चुडाव्याला उतरले आणि तिथून ऑटोने लोणखेडला गेले. ग्रामपंचायतीच्या खोलीत विष्णुपंतांनी चष्मा पुसला, बाही दुमडली आणि रोकडवही उघडली. अंबिकाबाईंनी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांना दौऱ्यावर काम करताना कधी पाहिलं नव्हतं. पाहिला होता तो दमून घरी आलेला माणूस. इथे ते प्रत्येक पावती बोटाने सपाट करत, उजेडाकडे धरत आणि घाबरलेल्या ग्रामसेवकाला म्हणत, “बसा हो, उभं राहून काय होतंय? एक सही राहिली आहे, बाकी चांगलं ठेवलंय तुम्ही.” हा माणूस संथ का होता, ते बाईंना तिथे बसल्या बसल्या समजलं. त्याला गावातल्या माणसाला घाबरवायचं नव्हतं, आणि त्यात वेळ जातोच. आपण हे कधी बघितलंच नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. ते सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. उन्हं कलली तेव्हा लोणखेड पूर्ण झालं.

परतताना चुडावा स्टेशनवर फारसं कोणी नव्हतं. एका बाकावर दोघांनी घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. विष्णुपंतांनी पाणी पिऊन तोंड पुसलं.

“आज कोणतं गाव झालं, अंबिके?”

बाईंनी चमकून पाहिलं. ते चेष्टा करताहेत, की खरंच विचारताहेत, त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

“लोणखेड,” त्या म्हणाल्या.

“नीट झालं ना?”

“लय नीट झालं. मी होते ना तिथं.”

त्यांनी समाधानाने मान हलवली. लांबून गाडी दिसली तसे ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि जरा गोंधळून दोन्ही बाजूंना पाहू लागले. “ही आपलीच ना गं?”

“आपलीच.”

विष्णुपंतांनी बाईंचा हात धरला. बाहेर चार माणसांत त्यांनी तो कधीच धरला नव्हता, अगदी लग्नाच्या वरातीनंतर देवळात जातानासुद्धा पुढे चालले होते. आज त्यांनी अंबिकाबाईंना पुढे केलं आणि स्वतः मागे राहिले. डब्यात जागा मिळाली, गाडी हलली, पूर्णा आलं आणि गेलं, तरी त्यांनी तो हात सोडला नाही. बाईंनीही पदर सावरायचा होता तो दुसऱ्या हाताने सावरला.