वरचं बोटभर पाणी

…आणि बाटलीच्या तळाशी आजही काही नाही. काचेला नाक लावून बघितलं तरी नाही. वरपासून खालपर्यंत सारखाच मातकट रंग, दूध जास्त पडलेल्या चहासारखा, आणि झाकणाखाली अडकलेला एक बुडबुडा. जॅमची बाटली, लेबलाचा अर्धा तुकडा अजून चिकटलेला. घरामागच्या कालव्यात स्वतः उतरून तिने हे पाणी भरून आणलं होतं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं होतं, आणि तेव्हापासून रोज उठल्याउठल्या, तोंडही न धुता, ती गाळ खाली बसला का ते बघायला येत होती. बसला नव्हता. एकदाही नाही. गढूळ पाणी ठेवून दिलं की निवळतं हे शेंबड्या पोरालाही कळतं, मग हे का निवळत नाही — या प्रश्नावर तिने निबंध लिहिला होता, कॉलेजच्या प्रवेशअर्जाला जोडायचा, आणि तो अर्ज आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता.

निबंध चांगला होता. तो चांगला आहे हे तिला माहीत होतं, आणि ते माहीत असणं तिला आवडतही होतं. कालव्याच्या वरच्या अंगाला कपडे धुण्याचा कारखाना आहे, हॉटेलांच्या चादरी तिथे धुतात, त्याचा साबण पाण्यात उतरतो आणि मातीला खाली बसूच देत नाही, असा तिचा निष्कर्ष. म्हणून मला पर्यावरणशास्त्र शिकायचं आहे. शेवटचं वाक्य लिहिताना तिच्या अंगावर काटा आला होता… स्वतःच्याच वाक्याने.

तेवढ्यात बाबा चष्मा शोधत आले. त्यांचं औषधांचं दुकान, उघडायची वेळ झालेली, एका हातात किल्ल्या. चष्मा कट्ट्यावर बाटलीशेजारीच होता. त्यांनी तो उचलला, नाकावर चढवला, आणि मग — दूधवाल्याला निरोप द्यायचा राहिला असं काहीतरी आईशी बोलत बोलतच — बाटली उचलली, दोनदा खळखळून हलवली आणि जागच्या जागी ठेवून दिली.

ती नुसती बघत राहिली.

“हे काय केलंत?”

“काय केलं?” बाबांनी मागे वळून खरोखरच काय केलं ते शोधलं. “ही होय. का, हलवायची नाही?”

“रोज हलवता?”

उत्तर इस्त्री करणाऱ्या आईने दिलं. “रोज. सकाळी खिडकी उघडली की पहिलं तेच. बाटली दिसली की हात शिवशिवतात यांचे.” आणि ती हसली. बाबाही हसले, संध्याकाळी बोलू म्हणाले आणि जिना उतरून गेले.

म्हणजे कारखाना नाही, साबण नाही, विज्ञान नाही. माझे बाबा. इतके दिवस मी माझ्या बाबांचा अभ्यास करत होते.

आरडाओरडा करावा इतकंही त्राण तिच्यात राहिलं नाही. ओरडणार कुणावर? आयुष्यभर काउंटरमागे उभं राहून ‘वापरण्यापूर्वी हलवा’ सांगणारा माणूस बाटली हलवणार नाही तर काय करेल! पण तिने एकच बाटली का ठेवली? दुसरी का नाही, कपाटात, कुणाचा हात लागणार नाही अशी? बाटलीला कोण हात लावतं हे घरातल्या दोन माणसांना विचारायला कुणी हात धरले होते का? विज्ञान शिकायला निघालेली मुलगी, आणि चार भिंतींच्या आत काय चाललंय याचा पत्ता नाही.

दुपारी ती प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमकडे गेली. काचेचा दरवाजा, थंडगार खोली, टेबलावर प्लॅस्टिकचं रोप आणि त्याच्या पानांवर धूळ. पर्यावरणशास्त्र हा विषय मॅडमनीच सुचवला होता — म्हणजे तिच्या मनात तो आधीपासून होता, पण ती तोंड उघडण्याआधीच मॅडम म्हणाल्या होत्या की पर्यावरणशास्त्र टाक, तिकडे गर्दी कमी, आत शिरलीस की वर्षभराने विषय बदल. त्यावर बाबा केवढे खूश! औषधशास्त्राकडे वळता येईल ना, एवढंच त्यांनी विचारून घेतलं. आईनेही री ओढली. मावशीने तर फोनवर, पोरगी पक्की आहे हो, म्हणून कौतुक केलं. जे तिला मनापासून हवं होतं ते सगळ्यांनी हसतहसत तिच्या पदरात टाकलं, मागचं दार म्हणून. मला खरंच हेच शिकायचंय, असं त्या दिवशी म्हणायला हवं होतं… पण विरोध करायलाच कुणी नाही तर भांडायचं कुणाशी? तिने मनातल्या मनात ठरवलं होतं, तुमची कारणं तुमच्यापाशी. माझं निबंधात आहे, आणि ते खरं आहे.

ते खरं कारण आज सकाळी दोनदा खळखळलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांची बोटं कीबोर्डवर दुसऱ्याच कुणाचा तरी अर्ज भरत होती.

“बाटली तपासायला कोण येणार आहे?” त्या म्हणाल्या. “निबंध सुंदर झालाय. त्याला हात लावू नकोस.”

“पण मॅडम, ते खोटं आहे. कारखान्याचं नाव घेतलं नसलं तरी आळ घेतलाय मी त्यांच्यावर.”

“तू खोटं लिहिलं नाहीस. लिहिलंस तेव्हा तुला खरंच वाटत होतं.” मग थोड्या मायेने, “आणि विषयाच्या रकान्यात काय विचारलंय? कोणता मुख्य विषय घेण्याचा विचार आहे. विचार गं. विचाराचं काय एवढं घेऊन बसलीस!”

ती उठली. प्लॅस्टिकच्या रोपावरची धूळ जाताजाता एका बोटाने पुसावी असं तिला फार वाटलं, आणि पुसली नाही म्हणून जिना उतरताना स्वतःचाच राग आला. काय माणसं आहेत! एक बाटली हलवतात, एक म्हणतात हलली तर हलली. आणि मी? मॅडमचं मला क्षणभर पटलं होतं. नुसतं पटलं नव्हतं, हायसं वाटलं होतं, हे कुणाला सांगू?

पाय दुकानाकडे वळले. भांडायचंच, असं ठरवून ती गेली होती. वाक्यंही जुळवली होती. पण काउंटरवर एक म्हाताऱ्या बाई होत्या आणि बाबा त्यांना बाटली उजेडात धरून समजावत होते — औषध खाली बसतं, वर नुसतं पाणी राहतं, न हलवता घेतलंत तर आज काहीच पोटात जाणार नाही आणि शेवटी सगळं एकदम जाईल. बाई मान डोलावत होत्या. किती नीट सांगतात, असं तिच्या मनात आलं, आणि जुळवलेली वाक्यं विस्कटली, म्हणून ती जास्तच वैतागली. बाई गेल्यावर तिने काउंटरच्या फळीला टेकून, भांडल्यासारखं न करता, सरळ सांगितलं. बाटली, निबंध, कारखाना, आजची संध्याकाळ.

बाबा गोळ्यांची पाकिटं सारखी करत राहिले.

“मला सांगायचं नाही का, आजीबाई?”

लहानपणापासून ते तिला आजीबाई म्हणतात. एरवी तिला चीड येते. आज रडू येईलसं वाटलं.

“तुम्ही विचारायचं ना.”

“मला वाटलं, तुला ते गढूळच हवंय.” त्यांनी पाकीट खाली ठेवलं. “सकाळी बघावं तर सगळं खाली बसलेलं. म्हटलं, पोरीचं पाणी बिघडतंय. तू उठायच्या आत हलवून ठेवायचो. आज तुझ्यासमोर पुन्हा हात गेला, एवढंच.”

ती नुसती सवय नव्हती तर. ते काळजी घेत होते… आणि मग बाकीचं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं.

“खाली बसलेलं? सगळं?”

“हो.”

“रोज?”

“रोज. वरचं बोटभर पाणी तर असं निवळ असायचं की पलीकडची खिडकीची कडी दिसायची.”

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. बाबा तिकडे वळले, आणि वळतावळता हळूच म्हणाले, तुझं नुकसान झालं का गं माझ्यामुळे? ती नाही म्हणाली. का म्हणाली, तिला माहीत नाही.

घरी जायचा रस्ता पुलावरून. ती कठड्याशी थांबली. खाली कालवा, तोच मातकट रंग, या काठापासून त्या काठापर्यंत. निबंध फाडायचा की तसाच पाठवायचा, रकान्यात काय लिहायचं, सगळं डोक्यात एकमेकांवर आदळत होतं, आणि त्या सगळ्याच्या मागे बाबांचं ते वाक्य. एका रात्रीत निवळतं. म्हणजे हे पाणी निवळणारं आहे, अगदी साधं, शहाणं पाणी. सोडलं तर खाली बसणारं. मग हे इथे का बसत नाही? पाऊस नाही, पूर नाही, वाहणंसुद्धा इतकं संथ की पान पुढे सरकतंय की नाही कळू नये. बाटलीला बाबा हलवत होते. कालव्याला कोण हलवतं?

वरचं, पाणी सोडायचं फाटक? ते कधी उघडतात, कुणी बघितलंय? तळाशी काही आहे? की पहाटे, सगळे झोपलेले असताना, हाही निवळतो, आणि आपण उठायच्या आत…?

फोन वाजला. मॅडमचा निरोप होता, पाठवलास का. तिने तो वाचला आणि फोन पालथा धरला. संध्याकाळ व्हायला आली होती, घरी जायला हवं होतं, उत्तर द्यायला हवं होतं, आणि नेमकं आत्ताच तिला इथून हलायचं नव्हतं. वैताग होता तसाच होता. पण तो आता बाबांवर नव्हता, मॅडमवर नव्हता, स्वतःवरही फारसा नव्हता. तो खालच्या पाण्यावर होता, आणि तो निवळावा असं तिला मुळीच वाटत नव्हतं.